बक्षीस ठरवण्याआधी मुलांची वही पाहा

बडोद्यातील शाळांचे मुख्याध्यापक, कलाशिक्षक आणि आंतरशालेय चित्रस्पर्धांचे संयोजक व परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

‘थोर चित्रकारांपासून प्रेरणा’ असा विषय दिला की शाळेच्या भिंतीवर काय लागते ते आपण सगळेच जाणतो. व्हॅन गॉगची तारांकित रात्र चार-पाच वेळा, प्रत्येकीत डाव्या हाताला तेच सरूचे झाड. हुसेनचे घोडे. वारलीचा तारपा नाच. मुलांची मेहनत खरी असते, ऑइल पेस्टल घासून घासून कागदाला चकाकी आलेली असते. पण या मुलाने स्वतः काय पाहिले, ते कुठे अडले, त्याने काय ठरवले, याचा मागमूस त्या कागदावर नसतो. झाड डावीकडेच का, असे विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नसते. ते त्याला कुणी विचारलेलेही नसते.

यात दोष मुलांचा नाही. स्पर्धेचा विषय चार दिवस आधी कळतो, वर्गात दोन तास मिळतात, घरी कुणीतरी फोनवर चित्र शोधून देते, त्यावर चौकोन आखले जातात आणि एकेक चौकोन करत ते ड्रॉइंग शीटवर उतरते. परीक्षकांसमोर फक्त शेवटचा कागद येतो, म्हणून गुण सफाईला मिळतात, आणि सफाई सगळ्यात लवकर येते ती नकलेत. पुढच्या वर्षी शिक्षकही तेच करून घेतात, कारण बक्षीस त्यालाच मिळालेले असते.

बडोद्यात हे व्हावे याचे जास्त वाईट वाटते. १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली तेव्हा मूळ इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे इथे चित्रकला शिकवायला आले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख हे त्यांच्या हाताखाली शिकले. या तिघांची चित्रे शेजारी शेजारी लावून पाहा. एकाचेही काम बेंद्र्यांसारखे दिसत नाही, आणि एकमेकांसारखे तर मुळीच नाही. शिकवणाऱ्याकडून भरपूर घेऊनही स्वतःचे चित्र काढता येते, याचा पुरावा याच गावात आहे. तो शाळेच्या पाचवी ते दहावीच्या वर्गांपर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र. यात जे सुचवले आहे ते पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, चाळीस मिनिटांच्या आठ तासांत बसते.

आमची मूळ सूचना एकच आहे. कोणत्याही चित्रात विषय असतो, मांडणी असते आणि हाताळणी असते. विषय म्हणजे काय काढले. मांडणी म्हणजे कागदावर कुठे काय ठेवले, किती मोठे ठेवले, कडेला काय कापले. हाताळणी म्हणजे रेघ कशी ओढली, रंग सपाट लावला की थरावर थर, कडा धारदार ठेवल्या की पुसट. एका चित्रकाराकडून मुलाने या तिन्हींतली एकच गोष्ट घ्यावी. दोन घेतल्या की चित्र नकलेकडे झुकते, तिन्ही घेतल्या की नक्कलच होते. हा नियम सहावीतल्या मुलालाही समजतो आणि परीक्षकालाही अर्ध्या मिनिटात तपासता येतो.

इथे एक फसवी जागा आहे, ती आधीच सांगतो. मूल म्हणते, मी फक्त व्हॅन गॉगची हाताळणी घेतली आहे, विषय माझा सूरसागर आहे. चित्र पाहिले तर तलाव खरेच सूरसागरचा असतो, पण सरूच्या जागी महादेवाची मूर्ती डावीकडे उभी केलेली, चंद्र उजव्या कोपऱ्यात, दिव्यांची वस्ती खाली, आणि आकाशाने अर्ध्याहून जास्त कागद व्यापलेला. विषय बदलला, मांडणी जशीच्या तशी आली. मूर्ती तलावाच्या मधोमध आहे, हे त्या मुलाला पाठ असूनही त्याने ती कडेला नेली, कारण मनात मूळ चित्राची चौकट पक्की बसली होती. अशा वेळी मुलाला रागावू नये. त्याला तलावाच्या काठावरून दोन वेगवेगळ्या जागांहून पेन्सिलने कच्ची चित्रे काढून आणायला सांगावे. मांडणी तिथूनच बदलते.

याच कारणासाठी प्रत्येक मुलाने दोन चित्रकार निवडावेत. एकच चित्रकार असला की मूल त्याच्यामागे चालत जाते. दोन असले की ठरवावे लागते: मांडणी याची घेऊ की त्याची, रेघ कुणाची, आणि दोघांचे जमत नाही तिथे काय करू? मुलाचे स्वतःचे काम त्या अडचणीतून सुरू होते. शक्यतो एक चित्रकार असा असावा की ज्याचे मूळ काम बडोद्यात डोळ्यांनी पाहता येते, आणि दुसरा कुठलाही, मुलाच्या आवडीचा.

मूळ काम पाहण्यावर भर अशासाठी की फोनच्या पडद्यावर प्रत्येक चित्र तळहाताएवढे असते. पहिल्या तासाला मुलांना मैदानावर न्या आणि मीटरपट्टीने मोजून खडूने दोन चौकटी आखा. एक तारांकित रात्रीची, साधारण ७४ बाय ९२ सेंटिमीटर. दुसरी पिकासोच्या गेर्निकाची, साधारण साडेतीन मीटर बाय पावणेआठ मीटर. पहिल्या चौकटीत एक मूल मांडी घालून बसले की ती भरते. दुसरीत अर्धा वर्ग झोपू शकतो. एवढ्या मोठ्या कापडावर हात कसा फिरला असेल, एक रेघ ओढायला किती पावले चालावे लागले असेल, हे मग वेगळे समजावून द्यावे लागत नाही. त्याच चौकटीवरून मुलाला स्वतःच्या कागदाचा आकारही विचारा. सगळ्यांना सरसकट एकाच मापाची ड्रॉइंग शीट देण्याचा आपला रिवाज मांडणीचा पहिला निर्णय मुलाच्या हातून काढून घेतो.

दुसऱ्या तासाला निवडलेल्या चित्राची प्रत द्यावी, पण काळी-पांढरी. साधी झेरॉक्स पुरते. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमी इथे असताना मिले या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रे केली. त्याच्यासमोर मिलेच्या रंगीत प्रती नव्हत्या, काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या. रंग सगळे त्याने स्वतः ठरवले, म्हणून ती चित्रे मिलेची असूनही त्याची झाली. वर्गात नेमके हेच घडते. रंगीत प्रत समोर असली की मूल रंग जुळवत बसते. झेरॉक्स असली की त्याला गडद आणि फिके दिसू लागते, आणि रंगाचा प्रश्न त्याच्याच पदरात पडतो. सुरुवातीची दहा मिनिटे पेन्सिल हातात घेऊ देऊ नये, नुसते पाहू द्यावे. मग वहीत तीन वाक्ये लिहून घ्यावीत: डोळा आधी कुठे जातो, तिथून कुठे वळतो, आणि चित्रकाराने काय काढायचे टाळले आहे. तिसऱ्या प्रश्नाला मुलांना वेळ लागतो. लागू द्यावा.

नक्कल वर्ज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. वहीत ती हवीच. पूर्ण चित्राची मात्र नको, दहा बाय दहा सेंटिमीटरच्या एका तुकड्याची हवी: एक हात, वस्त्राची एक चुणी, पाण्याचा एक भाग. पूर्ण चित्र उतरवताना मूल बाह्यरेषा जुळवण्यात अडकते. तुकडा उतरवताना रेघ कुठे जाड होते, कुठे तुटते, हे त्याला पकडावे लागते. त्याखाली ‘अमुक यांच्या अमुक चित्रावरून अभ्यास’ असे लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आता बडोद्यात काय पाहायला न्यायचे. कीर्तिमंदिराच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ च्या दरम्यान गंगावतरण, मीराबाई, महाभारताचे युद्ध आणि नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावरून) ही भित्तिचित्रे केली. मोठा जमाव एका रेषेच्या लयीत कसा बांधावा, हे तिथे शिकण्यासारखे आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आहेत. कॅलेंडरवरचा रविवर्मा मुलांनी पाहिलेला असतो, तैलरंगातला नसतो. जितके जवळ जाऊ देतील तितके जाऊन साडीचा जरीकाठ पाहायला सांगा, मग सहा पावले मागे येऊन पुन्हा पाहायला सांगा. तांबेकर वाड्यात मराठा अमलातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत, आणि तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिथे एका वेळी पंधराहून जास्त मुले नेऊ नयेत. दप्तरे बाहेर ठेवावीत, कारण पाठीवरचे दप्तर वळताना भिंतीला घासते. हातात फक्त पेन्सिल आणि वही असावी. पेन, पाण्याचे रंग, फ्लॅश काहीही नको. सगळीकडे परवानगी आधी काढावी, आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे की आज चित्र पूर्ण करायचे नाही, फक्त तीन तुकडे उतरवायचे आहेत. पूर्ण करायचे म्हटले की मुले फोटो काढून मोकळी होतात.

पुढचे दोन प्रकल्प आम्ही तपशिलाने देत आहोत, कारण ते कुठल्याही शाळेत उद्या सुरू करता येतील.

पहिला भूपेन खख्खर यांच्या कामावरून. खख्खर व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये बडोद्यात आले आणि इथेच राहिले. १९७२ च्या सुमारास त्यांनी कारागिरांची, छोट्या दुकानदारांची चित्रे केली: शिंपी, न्हावी, घड्याळे दुरुस्त करणारा. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ त्यांतलेच. अशा चित्रांत माणूस आपल्या कामाच्या जागी बसलेला असतो, भोवतीची प्रत्येक वस्तू सुटी, स्पष्ट, तिच्या हक्काच्या जागी, आणि रंग सपाट. त्यांनी स्वतःही हे शून्यातून आणले नव्हते. कंपनी शैलीची (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजांसाठी भारतीय चित्रकारांनी केलेली) चित्रे, बाजारातली छापील चित्रे आणि फ्रेंच चित्रकार हेन्री रूसो यांचे त्यांच्यावर ऋण होते. एका चित्रकाराने दुसऱ्याकडून कसे घ्यावे याचा हा उत्तम नमुना आहे.

मुलाने विषय आपला घ्यायचा: रोज दिसणारी पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, सायकलचे पंक्चर काढणारा, सेव-उसळीची गाडी. दुकानदाराला विचारून वीस मिनिटे समोर बसायचे आणि तीन कागद करायचे. एकावर दुकानाचा समोरून दिसणारा पूर्ण आराखडा. दुसऱ्यावर फक्त हत्यारे, निदान पाच, प्रत्येक वेगळे आणि मोठे. तिसऱ्यावर काम करणारे हात. पाटीवरची अक्षरे जशी रंगवली आहेत तशीच उतरवायची, गुजराती असली तर गुजराती, वळणासकट.

यात ठरलेल्या तीन चुका होतात. मुलांना पर्स्पेक्टिव्ह नुकताच शिकवलेला असतो, म्हणून ती दुकानाच्या भिंती एका बिंदूकडे पळवतात आणि वस्तू लहान लहान होत अंधारात जातात. त्यांना आठवण द्यावी की इथे प्रत्येक वस्तूला सारखा मान आहे. मागची वस्तू लहान करण्याऐवजी वर सरकवा. दुसरी चूक, चेहरा सिनेमातला येतो. त्याला उपाय हातांचा कागद. हात नीट पाहिलेले असले की माणूस आपोआप त्या कामाचा होतो. तिसरी, फोटोवरून काढणे. फोनची भिंग जवळच्या वस्तू फुगवते आणि दुकानाचा आतला भाग काळा करते, म्हणून फोटोवरून केलेल्या चित्रात हत्यारांच्या जागी काळा डाग येतो. हत्यारांचा कागद सक्तीचा ठेवला की ही चूक आपसूक थांबते.

सपाट रंग लावणे दिसते तितके सोपे नाही. पोस्टर कलर ताकासारखा पातळ झाला की पट्टे उमटतात, कोरडा झाला की ब्रशची ओरखडी दिसते. बासुंदीइतका दाट हवा. एका भागाला लागेल त्याहून थोडा जास्त रंग एकाच वाटीत कालवून ठेवावा, कारण संपल्यावर पुन्हा तसाच जुळत नाही. पोस्टर कलरचे फिके रंग वाळल्यावर किंचित गडद होतात, गडद रंग किंचित फिके होतात, म्हणून कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून मग ठरवावे. पहिला हात आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. सावलीसाठी काळा मिसळू देऊ नये. पिवळ्यात काळा गेला की तो मळकट हिरवा होतो आणि सगळे चित्र मातट दिसू लागते.

दुसरा प्रकल्प नंदलाल बोस यांच्या पोस्टरांवरून. १९३८ च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी, म्हणजे आपल्याच गुजरातेत, त्यांनी ८० हून अधिक पोस्टर केली. शेतकरी, ढोलकी वाजवणारा, पिंजारी, स्वयंपाक करणारी बाई असे विषय, मातीचे रंग आणि ठसठशीत रेघ. मुलांनी इथून हाताळणी घ्यावी: मोजके मातीचे रंग आणि न थांबता ओढलेली रेघ. विषय उत्तरायणाची गच्ची असू शकतो, नवरात्रीची तयारी असू शकते, गणपतीच्या मंडपाचे बांबू बांधणारे असू शकतात.

रंग वर्गातच तयार होतात. गेरू, पिवडी, खडूची भुकटी आणि काजळी, एवढे चार पुरेत. डिंकाचे पाणी आदल्या दिवशी करून ठेवावे: एक वाटी चांगला बाभळीचा डिंक, दोन वाट्या कोमट पाणी, रात्रभर भिजू द्यावा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळावा, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब घालावेत. दोन चमचे गेरू आधी थोड्या साध्या पाण्यात वाटून लगदा करावा. कोरडी भुकटी थेट डिंकात टाकली तर गाठी राहतात. मग एक चमचा डिंकाचे पाणी मिसळून कागदावर पट्टा ओढावा आणि वाळल्यावर बोटाने चोळावा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे, पट्टा चकाकला किंवा तडकला तर जास्त झाला. प्रत्येक रंगाला डिंक वेगवेगळा लागतो, काजळीला सगळ्यात जास्त, म्हणून ही चाचणी प्रत्येक वाटीची करावी. साधा कार्ट्रिज कागद या ओलाव्याने पन्हाळीसारखा वाकतो. जाड हातकागद घ्यावा, किंवा पुठ्ठ्यावर कागद चिकटवून तो वजनाखाली एक दिवस वाळवावा.

एक गोष्ट निक्षून सांगतो. जुन्या पद्धतीचे रंग करायचे म्हणून हरताळ, शेंदूर किंवा हिंगूळ वर्गात आणू नका. हरताळात सोमल असते, शेंदरात शिसे, हिंगुळात पारा. काजळीची भुकटी कालवताना तोंडाला फडके बांधा आणि पंखा बंद ठेवा.

वरच्या वर्गांसाठी चित्रकार नसरीन मोहमदी यांचे काम घ्यावे. १९७२ पासून १९९० मध्ये निधन होईपर्यंत त्या इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकवत होत्या. पेन्सिल, शाई आणि आर्किटेक्टची आखणीची साधने एवढ्यावर त्यांनी रेषांची चित्रे केली. मुलांना विजेच्या तारा, जिन्याचे कठडे, खाटेची वीण यांतून रेषा शोधायला लावाव्यात. शाई पट्टीखाली ओढली जाऊन डाग पडतो, ही इथली नेहमीची अडचण. पट्टीच्या खालच्या बाजूला दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे तीन-तीन थर लावले की कड कागदापासून वर राहते आणि डाग पडत नाही.

चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या काचेमागच्या, म्हणजे काचेच्या मागून रंगवून समोरून पाहायच्या चित्रांवरून काम करायचे असेल तर पारदर्शक ॲक्रिलिक शीट आणि ॲक्रिलिक रंग घ्यावेत, पोस्टर कलर वाळल्यावर खपली होऊन पडतो. क्रम उलटा असतो, हे मुलांना आधी कागदावर करून दाखवावे: डोळ्यातला पांढरा ठिपका आणि बाह्यरेषा सगळ्यांत आधी, त्वचेचा रंग नंतर, पार्श्वभूमी शेवटी. अक्षरे आणि सही उलटी लिहावी लागते.

प्रकल्प कोणताही असो, रंगाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने वहीत पाच बाय सात सेंटिमीटरचे सहा कच्चे आराखडे करावेत, प्रत्येकी तीन-चार मिनिटांत, फक्त काळा, करडा आणि पांढरा वापरून. सहाच का? पहिले दोन बहुतेक वेळा त्या चित्रकाराचेच उतरतात. तिसऱ्यात मूल तेच उलटेपालटे करते. चौथ्यापासून त्याला काहीतरी नवे शोधावेच लागते. तीन आराखड्यांवर थांबलेला वर्ग नकलेपाशीच थांबतो. शिक्षकांनी मुलांशी बोलायची वेळ हीच. वह्या उघड्या ठेवून बाकांमधून फिरावे आणि प्रत्येकाला एवढेच विचारावे: यात अमुक चित्रकाराचे काय आहे, आणि तुझे काय आहे? रंग चढल्यावर दिलेली सूचना निरुपयोगी असते. मूल ती ऐकते, मान हलवते आणि काही बदलू शकत नाही.

वारली आणि पिठोरा यांविषयी थोडे वेगळे बोलायला हवे. ही कुणा एका दिवंगत चित्रकाराची शैली नाही, आजही जगणाऱ्या समाजांची कला आहे. वारलीतला लग्नाचा चौक सवाष्णी घालतात. छोटा उदेपूर भागातला राठवांचा पिठोरा नवस फेडण्यासाठी, विधीसह भिंतीवर उतरतो. त्यातले घोडे उचलून कुंडीवर काढणे आणि खाली ‘आदिवासी कला’ लिहिणे योग्य नाही. समाजाचे नाव लिहावे, चित्राचा घरातला अर्थ मुलांना सांगावा, आणि त्यांची चिन्हे न उचलता त्यांची एक रीत घ्यावी. जसे, दृश्य एकाच जागेवरून न पाहता गावभर फिरून आल्यासारखे मांडणे. त्या रीतीने मूल आपल्या पोळाचा (जुन्या गल्लीचा) किंवा सोसायटीचा नकाशा काढू शकते, आणि तो पूर्ण त्याचा असतो.

कायद्याचेही थोडक्यात. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांचा हक्क केव्हाच संपला. नंदलाल बोस १९६६ मध्ये गेले, त्यांचा २०२६ अखेरपर्यंत आहे. खख्खर २००३ मध्ये आणि हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांचा अजून कित्येक वर्षे राहील. वर्गात शिकताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला कायद्यात सूट आहे. पण तीच नक्कल शाळेच्या कॅलेंडरवर छापली, विक्रीला ठेवली, तर ती सूट उरत नाही. शैलीवर मात्र कुणाचा हक्क नसतो, म्हणून वर सांगितलेल्या पद्धतीने केलेले चित्र शाळा निर्धास्त छापू शकते.

स्पर्धांच्या संयोजकांना आमची विनंती त्यामुळेच नेमकी आहे. आता फोनवर दोन ओळी लिहिल्या की यंत्र हव्या त्या चित्रकाराच्या शैलीत चित्र तयार करून देते आणि मूल ते पाहून उतरवते. शेवटचा कागद पाहून हे ओळखणे कठीण आहे. वही पाहून लगेच कळते, कारण खोडलेली रेघ, फसलेला आराखडा आणि वाळवून पाहिलेला रंगाचा पट्टा मागाहून खोटा तयार करणे चित्र काढण्याइतकेच कष्टाचे असते. गुणांची विभागणी आम्ही अशी सुचवतो: १०० पैकी ३० वहीतल्या निरीक्षणाला आणि आराखड्यांना, २० चित्रकाराच्या कामाच्या अभ्यासाला, ४० पूर्ण चित्राला आणि १० मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या टिपणाला. टिपण मराठी, गुजराती, हिंदी, कुठल्याही भाषेत चालावे. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.

पुढच्या स्पर्धेचे परिपत्रक काढताना त्यात हा मजकूर जसाच्या तसा घालावा, ही विनंती:

‘विषय स्पर्धेच्या सहा आठवडे आधी कळवला जाईल. पूर्ण चित्रासोबत निदान बारा पानांची वही जमा करावी. वही नसलेले चित्र परीक्षणासाठी घेतले जाणार नाही. ज्या दोन चित्रकारांचा अभ्यास केला त्यांची नावे आणि पाहिलेल्या चित्रांची नावे चित्राच्या मागे लिहावीत. एका चित्रकाराकडून विषय, मांडणी आणि हाताळणी यांपैकी एकच गोष्ट घ्यावी, आणि कोणती घेतली ते साठ ते ऐंशी शब्दांच्या टिपणात सांगावे. प्रदर्शनात चित्राशेजारी वहीची उघडी पाने मांडली जातील.’

आपले,
बडोद्यातील काही कलाशिक्षक आणि चित्रकार